दोन बोटं टेकवून

पारोळ्याच्या स्टँडवरून सात दहाची धुळे गाडी हलली, तेव्हा कामिनी अजून पानटपरीच्या कोपऱ्यावरच होती. त्या पौषात थंडी अशी पडली होती, की किल्ल्याच्या खंदकातलं पाणीसुद्धा गोधडी ओढून निजलं होतं. चहावाल्याच्या तोंडातून निघालेला शब्द गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो गोठून खाली पडायचा, म्हणून लोक बोटांनीच 'दोन कप' सांगत होते. खोटं वाटत असेल तर विचारा पारोळ्यात कुणालाही.

तर अशा थंडीत कामिनी पळाली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स, ओढणी दातात धरलेली. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाच्या गाड्या घासून गेलेल्या, त्यांच्या काट्यांवर पांढरे पुंजके लटकलेले. त्यातला एक तिच्या केसात येऊन बसला, पण तिला पत्ता नाही.

गाडी थांबली.

हारुनभाई कंडक्टरनं दार उघडलं. "मॅडम, ही एस्टी आहे, वरातीची गाडी नाही... नवरीची वाट बघत उभी राहायला!"

"राहिली ना पण उभी?" कामिनी धापा टाकत वर चढली.

"मी नाही उभी केली. त्यांनी केली." हारुनभाईंनी हनुवटीनं पुढं दाखवलं.

ड्रायव्हरच्या डोक्यावर लांबट आरसा होता. त्यात दोन डोळे. बाकी माणूस दिसत नव्हता, नुसते डोळे... काळेभोर, जरा थकलेले.

"बसा आधी," डोळे म्हणाले. "किती धाप लागलीय तुम्हाला."

कामिनी दाराजवळच्या तीन नंबरच्या सीटवर टेकली. श्वास खाली बसला तशी तिची नजर वर गेली, आरशात, आणि तिथंच अडकली.

"मी पळाले, मला धाप लागली, ते बरोबर," ती म्हणाली. "पण बसल्या जागी घाम तुम्हाला कसा आला?"

खरंच. सगळी गाडी कानटोप्यांत गुंडाळलेली, आणि त्या माणसाच्या कपाळावर दाणे उभे होते.

"एका म्हातारीची दोन पोती डिकीत टाकली जरा..."

"जरा?"

"मॅडम डॉक्टर आहेत का?"

"नाही. धुळ्याला हृदयाच्या दवाखान्यात पट्टा चालवते."

"पट्टा? गिरणीचा?"

"माणसं चालवते त्याच्यावर."

आरशातले डोळे हसले. "अरे वा! मी माणसं बसवून नेतो, तुम्ही चालवून. पोचतात का कुठं?"

"कुठंच नाही," कामिनी म्हणाली. "दहा मिनिटं चालतात आणि तिथंच उतरतात. पण त्यांचं हृदय कुठवर पोचलंय, ते मला कळतं."

हारुनभाईंनी डब्बल बेल दिली. माणूस हलला नाही तरी आवाज हलायचा हारुनभाईंचा... एरंडोलला खाकरले तर जळगावला गाडी फलाटाला लागायची. 

ड्रायव्हरचं नाव चंदन. अमळनेरकडच्या खेड्यातला, घरी आई एकटी. वय अडतीस, लग्नाचं राहूनच गेलेलं. बारा वर्षं स्टेअरिंगवर, आणि बारा वर्षांत एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नव्हती. उलट त्याची गाडी दिसली की कोंबड्या आपणहून रांगेत रस्ता ओलांडायच्या, असं वाटेवरच्या मुकटी गावचे लोक सांगतात.

आणि कामिनी? तिशीची. वडील शिंपी होते. एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या म्हणाले, "छातीत गॅस धरलाय, जरा सोडा आण गं." ती सोडा घेऊन आली तोवर शिलाई अर्ध्यावर थांबली होती. तेव्हा ती अठराची होती. मग तिनं हेच शिक्षण घेतलं... छातीला दहा वायरी लावायच्या, माणसाला पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा, आणि कागदावर उमटणाऱ्या रेषेवरून डोळा हलवायचा नाही. सुई नाही, चिरा नाही. निजलेलं हृदय सगळं लपवतं. चढावर आलं की त्याला लपवता येत नाही.

तिला बघायला तीन मुलं येऊन गेली होती. घर वरच्या मजल्यावर, लोखंडी जिना सोळा पायऱ्यांचा. कामिनी वर उभी राहून नुसती त्यांची चढण बघायची. एक आठव्या पायरीला कठड्याला लोंबकळला, दुसरा वर येऊन पाच मिनिटं बोलूच शकला नाही, आणि तिसरा... तिसरा तर म्हणे खालीच पेढे ठेवून परत गेला! तेव्हापासून आई म्हणायची, "तुला नवरा नको, तुला हमाल पाहिजे."

रोज सात दहा. रोज तीन नंबरची सीट. चंदनची पाठ तिच्याकडं आणि डोळे आरशात. महिनाभर दोघांनी एकमेकांना आरशातूनच बघितलं. तो डोळ्यांनी विचारायचा, बसलात? ती पापणी मिटायची, बसले. एवढंच. पण एवढ्यावर माणूस धुळ्यापर्यंत काय, दिल्लीपर्यंत जाईल.

"तुमच्या केसात कापूस असतो रोज," एकदा तो म्हणाला.

"एकदाच होता."

"मला रोज दिसतो..."

हारुनभाईंनी तिकिटाचं मशीन कानाला लावलं. "हॅलो, आगारात कुणी आहे का? इकडं ड्रायव्हरला दिवसा कापूस दिसायला लागलाय!"

गाडी हसली. कामिनी खिडकीबाहेर बघत राहिली, पण कान लाल झाले ते आरशात दिसलेच.

तरी तिचा दुसरा डोळा, दवाखान्यातला, मिटत नव्हता. गार वाऱ्यात खाली उतरून काचा पुसल्या की तो डावा जबडा चोळायचा. आणि सीटखाली डबी होती, भाजलेल्या ओव्याची. चढउतर झाली की चिमूटभर तोंडात.

"काय होतंय?"

"गॅस. भरीत बाधलं."

"भरीत तर आज माझ्या डब्यात आहे. नुसत्या वासानं बाधलं?"

तो हसला. ती हसली नाही. तिला सोड्याची बाटली आठवली... अजून हातात असल्यासारखी गार.

माघात आगारातल्या ड्रायव्हरांची तपासणी निघाली. चंदननं एका ठिकाणी जाऊन पट्ट्याची टेस्ट करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर मोठ्या ऐटीत कागद तिच्या हातात ठेवला. "बघा! पास. दहा मिनिटं चाललो. रेषा कशी सरळ, हायवेसारखी."

कामिनीनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"ठोके किती गेले बघितलं का तुम्ही? तुमच्या वयाला दीडशेच्या पुढं जायला हवे होते. एकशेवीसलाच अडकलेत. दहा मिनिटं चढ चढून एकशेवीस?" तिनं वर बघितलं. "हात कुठं होते तुमचे?"

"हात?"

"चालताना."

"पुढं दांडी असते ना, तिच्यावर. स्टेअरिंग धरतो तसे." त्यानं दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "घट्ट. सगळा भार त्यांच्यावर."

कामिनीनं डोळे मिटून घेतले. बारा वर्षं ज्यानं स्टेअरिंग सोडलं नाही, तो दांडी कशी सोडणार? दंडांवर लोंबकळत दहा मिनिटं काढली होती त्यानं. पट्टा चढ चढला होता... हृदय सपाटीवरच होतं. आणि तिथं कुणी त्याला हटकलंही नाही.

"ही टेस्ट झालीच नाही," ती म्हणाली. "पुन्हा करावी लागेल. आमच्याकडं या. हात सोडून."

चंदनच्या तोंडावरची ऐट उतरली. "आणि नापास झालो तर?"

"यात नापास कुणी होत नाही. सापडतं किंवा सापडत नाही."

"सापडलं तर स्टेअरिंग जाईल माझं." आवाज खाली आला. "मला दुसरं काही येत नाही, मॅडम. वडलांच्या पाठीमागं आईनं शेतमजुरी करून मला लायसन काढून दिलं. मी गाडीवर नसलो तर मी... कोण?"

"आणि गाडीवर असतानाच झालं काही तर?" तीही हळू बोलली, पण शब्द सुटा सुटा. "तुमच्या मागं चव्वेचाळीस माणसं बसतात. त्यात तीन नंबरला मी असते."

तो आरशावरची धूळ हातानं पुसत राहिला, नसलेली धूळ.

"तपासणी होईतो मी तुमच्या गाडीत बसणार नाही," कामिनी म्हणाली आणि उतरली. 

आठ दिवस ती साडेसहाच्या गाडीनं गेली. आठ दिवस तीन नंबरची सीट रिकामी. हारुनभाई तिथं कुणाला बसू देईनात. बाई आली तरी, पोर आलं तरी, "राखीव आहे." कुणासाठी? "डॉक्टरीणबाईंसाठी." एकानं हुज्जत घातली तर म्हणाले, "त्या सीटखाली नाग आहे." मग दोन दिवस त्या बाजूच्या चारही सीटवर कुणी बसलं नाही.

चंदन आरशात बघायचा. रिकामी सीट, खिडकी, मागं पळणाऱ्या बाभळी. कापूस दिसायचा बंद झाला होता.

नवव्या दिवशी, गुरुवारी, दवाखान्याच्या बाकावर नऊवारीतली एक म्हातारी येऊन बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. शेजारी चंदन. कामिनीनं त्याला पहिल्यांदा गाडीपासून लांब बघितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो उंच होता, आणि त्यापेक्षा घाबरलेला.

"ही माझी आई. बेबाबाई." त्यानं घसा साफ केला. "मी... हात सोडायला आलोय."

आतली खोली गार. डॉक्टर पडद्याशी बसले होते. कामिनीनं वायरी लावल्या, एक एक करून, दहा. महिनाभर आरशातले डोळेच बघितले होते, आता बोटांखाली त्याचं काळीज धडधडत होतं.  

तिनं दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली. "छातीत, जबड्यात, हातात, कुठंही काही वाटलं तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

"हं."

पट्टा हलला. चाल पहिली अगदी संथ, वरातीची. चंदनचे हात आपोआप पुढं गेले आणि दांडीवर आवळले.

"सोडा."

"सोडलं तर पडेन."

"पडू देणार नाही मी. दोन बोटं टेकवा फक्त. धरायचं नाही. तोल कळावा एवढंच."

त्यानं एक एक बोट सोडलं. बारा वर्षांची मूठ अशी सहज उघडते का? शेवटी दोन बोटं उरली, दांडीवर टेकलेली, पाखरू टेकावं तशी.

पहिली तीन मिनिटं बरी गेली. रक्तदाब एकशेतीसवरून एकशेबेचाळीसवर. चढ वाढला. चंदनच्या कपाळावर तेच दाणे आले, पहिल्या दिवशीचे. कामिनीनं पट्टी फुगवली, कानात नळ्या घालून ऐकलं... चढावर माणसाचा दाब वाढतो. वाढायलाच पाहिजे. याचा एकशेचोवीस.

तिनं पुन्हा फुगवली. एकशेबारा.

पडद्यावर रेषा खाली वाकत होती. पाऊलवाट ओढ्यात उतरावी तशी खाली, खाली.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. गॅ..."

"चंदन."

पहिल्यांदाच नाव घेतलं तिनं. नुसतं नाव. त्यानं मान वळवली, आणि मग त्याला खोटं बोलता आलं नाही.

"जबड्यापासून दंडापर्यंत... कुणी तरी पिळतंय."

"सर, दाब उतरलाय, दुखतंयही," ती म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टरांनी पट्टा थांबवला.

त्याला निजवलं, जिभेखाली गोळी ठेवली. आता रेषा वर यायला हवी होती. कामिनी घड्याळ बघत होती. दोन मिनिटं... चार... सहा. रेषा तळाशीच. बाहेर रस्त्यावर केळीवाला ओरडत होता, कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं, सगळं जग आपापल्या कामाला लागलं होतं, आणि तिला त्या खोलीत एका रेषेशिवाय काही दिसत नव्हतं. तिनं नास्तिक असून किती देवांना साकडं घातलं त्याचा हिशेब नाही. म्हणे कानबाईपासून सुरू केलं आणि ज्यांची देवळं अजून बांधायची आहेत त्यांच्यापर्यंत गेली.

नवव्या मिनिटाला रेषा हळूच वर आली.

चंदननं डोळे उघडले. "सापडलं?"

"सापडलं."

"स्टेअरिंग गेलं ना माझं?"

कामिनीला खोटं बोलता आलं असतं. "गेलं," ती म्हणाली.

त्यानं मान तिच्याकडं वळवली. मग अगदी हळू... "आणि तीन नंबरची सीट?"

"ती कुठं जाते?" कामिनी म्हणाली आणि वायरी काढायला लागली, म्हणजे डोळे कुणाला दिसणार नाहीत.

डॉक्टरांनी बाहेर येऊन बेबाबाईंना नीट सांगितलं. एवढ्या थोड्या चालण्यात दाब उतरतो, रेषा इतका वेळ वर येत नाही, म्हणजे बहुतेक हृदयाच्या मुख्य नळीतच मोठा अडथळा आहे. आधी अँजिओग्राफी, मग बहुधा ऑपरेशन. वाट बघायची नाही.

डॉक्टर गेल्यावर बेबाबाई बाकावर तशाच बसून राहिल्या. "मना आंडोर, मना चंदन म्हने, माय, गॅस शे," त्या पुटपुटल्या. "अन् मी त्याले रोज ओवा भाजीसन देत व्हती. बठ्ठा दोष मनाच शे."

कामिनी त्यांच्या पायाशी खाली बसली. "अक्का, मी सोडा आणायला गेले होते," ती म्हणाली. "माझ्या वडलांसाठी." 

बेबाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग पदरानं तिचंच तोंड पुसलं.

अँजिओग्राफीत तेच निघालं. ऑपरेशन नाशिकला झालं. त्या दिवशी कामिनीनं धुळ्यात सात माणसं पट्ट्यावर चालवली आणि सातही जणांना म्हणाली, "दोन बोटं टेकवा फक्त." आठव्याच्या वेळी फोन वाजला. हारुनभाई होते. एवढा गडगडाटी माणूस, त्या दिवशी त्यांचा आवाजच निघेना.

"बोला ना हारुनभाई!"

"गाडी..." ते म्हणाले, "गाडी लागली फलाटाला. शुद्धीवर आलाय."

कामिनी जिन्यात जाऊन बसली आणि पोटभर रडली.

वैशाख निम्मा सरला. चंदनला आता आगारात टेबलाचं काम मिळालं होतं. गाड्या सुटायच्या-यायच्या वेळा लिहायच्या. पहिले आठ दिवस सात दहाची गाडी दुसरा कुणी तरी काढताना बघून तो जेवला नाही. नवव्या दिवशी त्यानं त्या पोराला बोलावून सांगितलं, "मुकटीच्या कोंबड्यांना सांभाळ." आणि मग जेवला.

पुढच्या रविवारी सकाळी पारोळ्यात कामिनीच्या दारात तीन माणसं येऊन उभी राहिली. बेबाबाई, हातात नारळ. हारुनभाई, इस्त्रीच्या शर्टात. आणि मध्ये चंदन. समोर लोखंडी जिना.

वर कामिनीची आई कुजबुजली, "सोळा पायऱ्या आहेत गं... त्यांना खालीच बसवू या?"

"नको," कामिनी म्हणाली. 

हारुनभाईंनी खिशातली किल्ली काढली आणि कठड्याच्या लोखंडावर दोनदा मारली. टण्, टण्. डब्बल बेल.

चंदन निघाला. कठडा होता, पण त्यानं धरला नाही. दोन बोटं टेकवली फक्त. एक पायरी, दुसरी, तिसरी... कामिनी मोजत होती, पायऱ्याही आणि श्वासही. आठव्या पायरीला तो थांबला.

ती कठड्यावरून वाकली. "काय होतंय?"

"नियम आहे ना... काही वाटलं तर सांगायचं, लपवायचं नाही?"

"हो! काय वाटतंय? कुठं?"

"भीती वाटतेय," चंदन म्हणाला. "वर आलो आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

खालून हारुनभाई ओरडले, "चला पुढं, पुढं चला! मधे उभं राहू नका!"

तो हसला आणि चढू लागला. नऊ, दहा, अकरा... सोळाव्या पायरीवर आला तेव्हा श्वास जरा जड होता, पण सरळ होता. कपाळ कोरडं. वैशाखातलं ऊन, आणि कपाळ कोरडं.

मध्ये आरसा नव्हता. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर. कामिनीनं हात पुढं केला. चंदननं त्या तळव्यावर दोन बोटं टेकवली... हलकेच, पाखरू टेकावं तशी, आणि तिथंच थांबला.

"टेकवायचं फक्त," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं."

"ते पट्ट्यावर," कामिनी म्हणाली. "इथं धरलं तरी चालतं."

त्यानं धरला. बारा वर्षं स्टेअरिंग धरलं होतं तसा... घट्ट, सगळा भार टाकून.